ज्या नकाशावर मी उमटलो नाही

मित्रांनो, ज्याचा काळ सरला त्याला निरोप कसा द्यावा, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. ज्याने आपल्यावर उपकार केले त्याला एका क्षणात दूर लोटावे, तर कृतघ्नतेचा दोष लागतो. त्याला त्याच आसनावर बसवून ठेवावे, तर आपल्या आदराची किंमत कोणा तिसऱ्याला मोजावी लागते. या दोहोंमधली वाट फार अरुंद आहे. दोन सज्जन माणसे त्या वाटेवर एकदा अडखळली. त्या वेळी मी त्यांच्यातील एकाच्या हातात होतो, म्हणून ही हकीकत तुम्हांला सांगतो.

मी एक जुना रबरी शिक्का आहे. सागवानाची मूठ, तळाशी दोन बोटे रुंदीचे रबर आणि त्यावर उलटा कोरलेला एकच शब्द : ‘रद्द’.

एकोणीसशे ब्याण्णव साली हिंगोलीच्या बाजारातल्या एका कारागिराने मला घडवले. ‘र’ कोरताना त्याचे पाते किंचित घसरले आणि माझ्या ‘र’चे शेपूट बोकडाच्या शेपटासारखे वर वळले. मला न्यायला आलेल्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सारून ते निरखले.

“हे वाकडं झालं आहे.”

“पंत, निस्तं ‘रद्द’ तर हाये,” कारागीर हसला. “वाकडं असलं तर कोनाचं काय बिघडून राहिलं?”

“बिघडतं. काय रद्द झालं तेसुद्धा माणसाला नीट वाचता यायला हवं.”

इतके बोलूनही त्यांनी मला खिशात घातले, कारण बस सुटायची वेळ झाली होती. ते गृहस्थ म्हणजे बंडोपंत. गावाबाहेर ओमप्रकाशशेठांचा एक कारखाना होता. तिथे ट्रॅक्टरमागे जोडायची पेरणीयंत्रे तयार होत आणि त्या यंत्रांचे सारे नकाशे बंडोपंत काढीत व सांभाळीत. बालपणी त्यांनी वेदपाठशाळेत अध्ययन केले होते. माझी भाषा तुम्हांला थोडी जड वाटत असेल, तर तो त्यांच्याच सहवासाचा परिणाम समजा.

बंडोपंतांच्या कामाची एक रीत होती. यंत्राच्या प्रत्येक भागाला क्रमांक, प्रत्येक भागाचा एक नकाशा, आणि कोणत्याही दिवशी त्या भागाचा एकच नकाशा खरा. भागात काही बदल करायचा असेल, तर तो तोंडी होत नसे. काय बदलायचे, का बदलायचे, कोणी सुचवले, त्यामुळे आणखी कोणते भाग बदलावे लागतील, हे सारे ते एका कागदावर लिहीत. त्याखाली शेठांची आणि मुख्य कारागिराची सही होई, आणि मगच नवा नकाशा निघे. नंतर जुन्या नकाशाच्या सर्व प्रती, मग त्या ओतशाळेत असोत, यंत्रावर असोत की कपाटात, परत मागवल्या जात. त्या टेबलावर ओळीने मांडल्या की माझी पाळी येई. शाईच्या गादीवर एकदा टेकून मी प्रत्येक प्रतीच्या उजव्या कोपऱ्यात उमटे.

मित्रांनो, मी कोणाला आवडत नसे. ‘मंजूर’ नावाचा माझा शेजारी शिक्का सर्वांचा लाडका होता. माझ्या जवळच ‘जि. परभणी’ असा पत्ता मिरवणारा एक वृद्ध शिक्काही राहत असे, कारण हिंगोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता. मला उचलले की कारागीर म्हणत, “आला यमदूत!” परंतु मी एकही कागद फाडला नाही. माझी मुद्रा उमटलेले नकाशे बंडोपंत निळ्या फायलीत तारीखवार ठेवीत. रद्द करणे म्हणजे नष्ट करणे नव्हे, हा त्यांचा सिद्धांत होता.

त्यांची आणखी एक जाड वही होती. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक यंत्राला क्रमांक असे आणि त्या क्रमांकाखाली ते लिहीत : कोणता भाग कोणत्या नकाशाप्रमाणे घडला, कोणत्या दिवशी घडला, यंत्र कोणत्या गावच्या कोणाकडे गेले आणि पुढे त्याची काय तक्रार आली. कारखान्यात त्या वहीची फार थट्टा होई. थट्टेत सर्वांत पुढे असे वसराम.

वसराम हा मुख्य कारागीर. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर त्याचे घर होते. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. हाताने लोखंड चाचपून त्याची जाडी सांगावी, असे त्याचे कसब होते.

“पंत मशिनीची जनमपत्रिका लिवून राहिले!” तो म्हणे. “लगीन जमवायचं काय तिचं? आमच्या आज्याला दीडशे बैलायची नावं तोंडपाठ व्हती. कोन्ता कुठं लंगडला, कोन्त्याला कुठं इकला, सारं. वही लागली न्हाई कदी.”

“आणि आजोबा गेल्यावर?” बंडोपंत मान वर न करता विचारीत.

“मंग बैलबी गेले की!” वसराम हसत हसत निघून जाई.

आता त्या नकाशाविषयी सांगतो. पेरणीयंत्राच्या पेटीच्या तळाशी, पेरणीच्या दर तासाला, म्हणजे ओळीला, एक, अशा लोखंडी चकत्या फिरतात. चकतीच्या कडेला खाचा असतात. खाचेत बी बसते, चकती फिरते आणि बी नळीतून मातीत पडते. कारखान्याची पहिली चकती ज्वारीसाठी होती आणि तिची खाच सहा मिलिमीटर खोल होती. तो नकाशा बंडोपंतांनी काढला आणि ती चकती वसरामने घडवली. पहिले यंत्र विकले गेले त्या वर्षीच्या खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली, तेव्हा वसरामने त्या नकाशाची एक प्रत आपल्या यंत्रासमोरच्या भिंतीला लावली आणि तिला कुंकू वाहिले. पुढे दरवर्षी त्या कागदावर नवे कुंकू आणि झेंडूचे फूल चढत गेले. कागद पिवळा झाला, कुंकवाचा ठिपका वाढत रुपयाएवढा झाला. कामाला लागण्यापूर्वी सर्व कारागीर त्याला हात लावून नमस्कार करीत.

दरम्यान आमच्या भागात सोयाबीन आले. ज्वारीचे यंत्र कोणी मागेना. सोयाबीनचा दाणा टपोरा आणि त्याची साल नाजूक. सहा मिलिमीटरच्या खाचेत तो पुरता बसत नसे आणि वरच्या झाकणाखाली भरडून त्याच्या दोन डाळी होत. डाळ झालेले बी उगवत नाही. म्हणून अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर चकतीची खाच नऊ मिलिमीटर करण्याचे ठरले. कागद लिहिला गेला, त्यावर वसरामचीही सही झाली. जुन्या नकाशाच्या दोन प्रती टेबलावर आल्या आणि मी त्यांवर उमटलो. तिसरी प्रत भिंतीवर होती. बंडोपंत मला शाई लावून तिथे घेऊन गेले.

वसराम आडवा उभा राहिला.

“पंत, ह्याला कुकू लागून राहिलंय.”

“ते ठाऊक आहे मला.”

“मंग त्याच्यावर ‘रद्द’ मारता? ज्याला सात वर्सं हात जोडले, त्याला रद्द करता? देवाला रद्द करायचं कोन्त्या पोथीत हाये, ते सांगा. तुमी तर शिकलेले.”

बंडोपंतांचा हात हवेत थांबला. माझ्या रबरावरची शाई वाळू लागली, ते मला आजही आठवते. पूजित वस्तूवर ते अक्षर उमटवण्यास त्यांचेही मन धजेना.

“बरं, राहू दे,” अखेर ते म्हणाले. “पण यावरून काम करायचं नाही.”

“म्या काहून करीन? मला काय याद न्हाई व्हय?”

त्यांनी मला तसेच पेटीत ठेवले. मित्रांनो, वसरामला आठवण होती, हे अगदी खरे. परंतु कारखाना एका माणसाच्या आठवणीवर चालत नसतो.

पुढच्या मे महिन्यात हिंगोली जिल्हा झाला. माझ्या पेटीतला ‘जि. परभणी’ शिक्का निवृत्त झाला आणि ‘जि. हिंगोली’ असा कोरा करकरीत शिक्का त्याच्या जागी आला. त्याच महिन्यात वसराम मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस तांड्यावर गेला. त्याच्या जागी कळमनुरीकडचा भीमसिंग नावाचा कारागीर आला. तो मन लावून काम करणारा होता. नव्या नकाशाची प्रत खणात तेलकट फडक्याखाली होती आणि जुना नकाशा समोर भिंतीवर, कुंकू लावलेला. भीमसिंगाने दुसऱ्या कोणाला विचारलेही नाही. आठ दिवसांत त्याने एकशे दहा चकत्या घडवल्या. त्या तपासूनच यंत्रांत बसल्या, पण तपासणाऱ्यानेही मोजमाप भिंतीवरच्या कागदाशीच ताडून पाहिले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नरसी नामदेवजवळच्या एका वस्तीवरून रुख्मिणीबाई आल्या. साठीच्या, ताठ कण्याच्या, स्वतःची शेती स्वतः कसणाऱ्या. त्यांनी पदराची गाठ सोडून माझ्या शेजारी टेबलावर मूठभर सोयाबीन ओतले. त्यातले निम्मे दाणे फुटून त्यांची डाळ झाली होती.

“शेटजी, म्या तुमच्याकडून पेरायचं यंतर नेलं का जातं नेलं?”

ओमप्रकाशशेठ म्हणाले, “बाई, बियाणं हलकं आसंल.”

“बियाणं घरचं हाये, पोरावानी जपलेलं. पेरायच्या आदी म्या गोनपाट हातरलं अन् चाक हातानं फिरवून बघितलं. पिशवीतला दाना आख्खा, गोनपाटावर डाळ! वरन करायला व्हईल, पेरायला न्हाई. अन् जो गडी गोनपाट हातरनार न्हाई, त्याचं वावर काय उगवंल?”

बाईंनी बरोबर आणलेल्या चकतीची खाच बंडोपंतांनी मोजली. मोजपट्टी टेबलावर ठेवली. “सहा,” ते म्हणाले.

वसराम दारात उभा होता. त्याने एकदा चकतीकडे पाहिले, एकदा भिंतीकडे, आणि तो आत आला.

“पंत, माझ्यापायी झालं हे.”

“तुझ्या एकट्यापायी नाही. हात माझा थांबला होता.”

शेठांचा तोल सुटला. “अरे, किसकी गलती ते मागून बघू! पेरण्या दहा दिवसावर आल्या. ह्या सालात दीडशेच्या वर मशिनी गेल्या. कोणत्यात कोणती चकती, हे कोण सांगणार? सगळ्या गावोगाव जाऊन उघडायच्या? मुमकिन आहे का?”

तेव्हा बंडोपंतांनी ती जाड वही पुढे ओढली, आणि त्या दिवशी कोणी हसले नाही. बोट फिरवत ते वाचू लागले. वसराम तांड्यावर होता त्या आठ दिवसांच्या चकत्या तीनशे अकरा ते तीनशे बत्तीस क्रमांकांच्या यंत्रांत गेल्या होत्या. बावीस यंत्रे. पुढे नावे होती, गावे होती : नरसी, हट्टा, डोंगरकडा आणि आसपासच्या वस्त्या. दीडशे घरांची काळजी बावीस घरांवर आली.

वसरामने चार दिवसांत एकशे दहा नव्या चकत्या घडवल्या. नंतर त्या पोत्यात भरून, जीपमध्ये बसून तो स्वतः निघाला. प्रत्येक दारात तो आधी काय म्हणे, ते जीपच्या चालकाने आम्हांला नंतर सांगितले. “राम राम. चूक आमची हाये. यंतर उघडू द्या.” कोणी शिव्या दिल्या, कोणी चहा पाजला. हट्ट्याच्या एका म्हाताऱ्याने विचारले, “तुला कसं कळलं रे, माझ्याच मशिनीत खोट हाये ते?” वसराम म्हणाला, “बाबा, तिची पत्रिका हाये आमच्याकडं.”

पेरण्या सुरू होण्यापूर्वी एकवीस यंत्रांच्या चकत्या बदलल्या. बाविसावे मिळाले नाही. डोंगरकड्याच्या हरिचंदने ते नातलगाला दिले होते आणि नातलगाने पुढे आणखी कोणाला. वहीत नाव हरिचंदपाशीच संपत होते. आषाढात ते तांड्यावरच्या भिकाबाईंकडे सापडले, तेव्हा त्यांच्या शेतात पीक उगवले होते, पण तासांत पावलापावलावर रिकाम्या जागा होत्या. वसराम दोन दिवस सुटी घेऊन गेला आणि त्यांच्या बरोबरीने वाकून एकेका रिकाम्या जागी हाताने बी टोकून आला. तरी ते पीक पुरे साधले नाही. तो परतल्यावर बंडोपंतांनी वहीत नवा रकाना आखला : ‘यंत्र सध्या कोणाकडे’.

मग वसरामने स्वतः तो नकाशा भिंतीवरून उतरवला आणि माझ्यासमोर ठेवला.

“मारा, पंत.”

“असा नाही,” बंडोपंत म्हणाले. “तू त्या दिवशी विचारलंस, देवाला रद्द करायचं कोणत्या पोथीत आहे. मी तेव्हा गप्प बसलो, ती माझी चूक. अरे, गणपती बसवतो तसा उठवतोही की नाही आपण? ज्यानं आवाहन केलं, त्यालाच विसर्जन करावं लागतं. विसर्जनानं देव काही लहान होत नाही.”

त्यांनी हात धुतले, नकाशावर अक्षता वाहिल्या, उत्तरपूजेचे मंत्र म्हटले आणि तो कागद किंचित हलवला. “पुन्हा यावे,” असे म्हणून त्यांनी मला उचलले. वसरामने हात जोडले होते. कुंकवाला स्पर्श न करता मी उजव्या कोपऱ्यात उमटलो. माझ्या आयुष्यातील हजारो मुद्रांत तेवढी एकच अशी, जिच्या वेळी मला कोणी यमदूत म्हटले नाही.

काळ पुढे गेला. दोन हजार चार साली बंडोपंतांची कन्या मधुवंती औरंगाबादहून अभियांत्रिकी शिकून आली आणि कारखान्यात संगणक आला. त्यात एक सॉफ्टवेअर होते. मधुवंतीने ते सर्वांना समजावून सांगितले. यंत्राची कल्पना सुचल्यापासून त्याचा शेवटचा भाग भंगारात जाईपर्यंतची सारी हकीकत त्यात एका ठिकाणी राहणार होती. चकतीत बदल केला की ती चकती ज्या ज्या यंत्रात आहे, ती सर्व यंत्रे आपोआप समोर येणार. ज्यांची संमती हवी, त्यांच्या संमतीवाचून नवा नकाशा निघणारच नाही, आणि निघाला की त्याच क्षणी प्रत्येक पडद्यावर तोच दिसणार. शेतातली तक्रार थेट त्या भागाच्या नोंदीला जाऊन जोडली जाणार. बंडोपंत ऐकत होते आणि त्यांचे डोळे भरून येत होते. त्यांच्या वहीचाच तो पुनर्जन्म होता, पण या वहीला अनेकांचे हात लागणार होते.

वसरामने मात्र संगणकाभोवती एक फेरी मारली.

“मधूताई, ह्या डब्ब्याला कुकू लावलं तर चालंल का?”

“बाहेरून लावा, वसरामकाका. आत लावाल तर मीच तुमच्यावर ‘रद्द’ मारीन!”

“बापावर गेली पोरगी,” तो पुटपुटला आणि सारे हसले.

मधुवंतीने निळ्या फायलींतला एकेक कागद यंत्रावर ठेवून त्याची प्रतिमा संगणकात घेतली. शेवटी तिने मला उचलले, पांढऱ्या कागदावर एकदा दाबले आणि माझ्या मुद्रेचीही प्रतिमा घेतली. यापुढे कोणताही कालबाह्य नकाशा पडद्यावर उघडला, की त्यावर लाल अक्षरांत मीच दिसणार होतो, वाकड्या शेपटाच्या ‘र’सह. “हा नीट करू का, बाबा?” तिने विचारले. बंडोपंत म्हणाले, “राहू दे. वाचता येतो, तेवढं पुरे.”

त्यानंतर मला खणात ठेवण्यात आले. शाईची गादी वाळली. माझे रबर कडक झाले आणि त्याला बारीक भेगा पडल्या. कधी वाटे, इतरांना निरोप देणाऱ्या मला निरोप द्यायचे मात्र कोणाला सुचले नाही.

दोन हजार आठ सालच्या भाद्रपदात खण अर्धवट उघडा होता आणि एक ओळखीचा आवाज कानी आला.

“शेटजी हायेत का? सोयाबीन लई झालं बाई. औंदा रब्बीला ज्वारी पेरून राहिले. यंतर हायेच माझ्याकडं, ज्वारीची चकती तेवढी द्या.”

रुख्मिणीबाई आता काठी टेकत आल्या होत्या. ओमप्रकाशशेठांनी मान हलवली. “मावशी, तो माल बंद होऊन जमाना झाला.”

“थांबा,” मधुवंती म्हणाली. “यंत्राचा क्रमांक सांगा.”

“तीनशे सतरा. मी कशी इसरंन?”

मधुवंतीने क्रमांक टाकला. त्या यंत्राची सारी पत्रिका पडद्यावर उलगडली. त्यात बसलेल्या, बदललेल्या आणि बसू शकतील अशा सर्व चकत्या दिसू लागल्या. सर्वांत तळाशी एक जुना नकाशा होता : ज्वारी, खाच सहा मिलिमीटर. तिने तो उघडला. उजव्या कोपऱ्यात मी होतो, तांबडा. आणि मधोमध, पिवळ्या कागदावर, रुपयाएवढा तपकिरी ठिपका.

वसराम चष्मा पुसून पुढे झाला. त्याने पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट टेकवले.

“पंत,” तो म्हणाला, “कुकू गेलं न्हाई हो.”

“आपण ‘पुन्हा यावे’ म्हटलं होतं, वसराम,” बंडोपंत म्हणाले.

तो जुना नकाशा तसाच वापरला गेला नाही. त्यावरून नवा नकाशा निघाला, त्याला नवा क्रमांक मिळाला, ‘फक्त ज्वारीसाठी’ अशी सूचना ठळक अक्षरांत आली, आणि संमतीच्या जागी सर्वांत आधी वसरामचे नाव उमटले. रुख्मिणीबाई पाच चकत्या पदरात बांधून घेऊन गेल्या. जाताना त्यांनी एवढेच विचारले, “गोनपाट हातरून बघू का न्हाई?” आणि वसराम म्हणाला, “जरूर बघा, मावशी. म्या येतो संगं.”

मित्रांनो, तुमच्याजवळही जुन्या वस्तू असतील, जुन्या समजुती असतील. त्यांचा मान ठेवा, पण त्यांची वेळ संपली असेल तर तसे स्पष्ट लिहून ठेवा, म्हणजे नवा येणारा फसणार नाही. आणि लिहिल्यावर त्या फाडू नका.

मी आता खणाच्या कोपऱ्यात स्वस्थ आहे. भिकाबाईंच्या शेतातील तासे दरवर्षी भरून उगवोत. वसरामच्या हाताला आणि मधुवंतीच्या दृष्टीला कधी थकवा न येवो. बंडोपंतांचे अक्षर ज्यांनी ज्यांनी पुढे चालवले, त्या सर्वांचे कल्याण होवो.